यवतेश्वराच्या उतारावर

सदाशिव दातार यांची गोष्ट मी पंढरपूर मागे पडल्यावर गाडीत सांगायला घेतली, आणि चोवीस तासांच्या आत तीच माझ्या अंगाशी आली. तेव्हा ती आधी वाचकांनाही सांगून टाकतो.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटांनी पाहिल्या. धावणारी बहुतेक पोरे शेतकऱ्यांची, पायांत वहाण नाही, शर्यतीचे नियम कुणाला धड ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या वेळा पाहिल्या तर युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. टाटांनी मनावर घेतले, आणि पुढल्याच वर्षी, १९२० साली, बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा खेळाडूंचा एक लहानसा संघ बोटीने रवाना झाला. चार धावणारे, दोन पैलवान. त्यांतल्या कोल्हापूरच्या शिंद्यांचे कुस्तीतले पदक थोडक्यात हुकले. मॅरेथॉनच्या दौडीत आपल्या बाजूचे दोघे उतरले: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे दातार. तेव्हा या दौडीचे अंतर अद्याप पक्के झालेले नव्हते. आजचे बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर हे माप १९२१ साली ठरले. अँटवर्पला ती पाऊणशे कमी तेहेतीसशे नव्हे, चांगली पावणेत्रेचाळीस किलोमीटर भरली. फिनलंडचा कोलेमायनेन अडीच तासांवर दोन-अडीच मिनिटांत पहिला आला. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांच्या नावापुढे वेळ नाही. ते मधेच थांबले.

एवढे सांगून मी वर एक मल्लिनाथी केली. म्हटले, "बेळगावकर पोचले बघा, आणि ज्यांच्या गावात घरातून बाहेर पडले की चढच लागतो ते साताऱ्याचे गृहस्थ थांबले!" सगळे हसले. मीही हसलो.

आता आम्ही कोण ते सांगतो. मी बिदरचा. शाळामास्तरकीतून मोकळा होऊन दोन वर्षे झाली, अर्थात साठीच्या दारात आहे. माझा भाचा तिशीतला, औषधाचे दुकान चालवतो. या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ तोच. तिसरे भालकीचे एक आडते गृहस्थ. तुरीच्या हंगामात त्यांना जेवायला सवड नसते. सारा बाजार त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. चौथ्या गुलबर्ग्याच्या. (सरकारी दप्तरात २०१४ पासून कलबुर्गी झाले, पण आमच्या पिढीच्या तोंडी गुलबर्गाच येते.) त्या एका बँकेत हिशेब पाहतात आणि माझ्या जुन्या मित्राच्या सूनबाई लागतात. मला काका म्हणतात. येथे त्यांना सूनबाईच म्हणू.

हैदराबादच्या वाचकांपैकी पुष्कळांचे मूळ घर भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद यांपैकी कुठेतरी असणार. १९५६ साली राज्ये फिरली, आमचे जिल्हे म्हैसुराकडे गेले; तरी दत्तजयंतीला माणिकनगरला भेटलेली तोंडे अजून तीच असतात. तेव्हा आमच्याकडची रीत त्यांना सांगायला नको. पायी जाणे हे आमच्याकडे वेड समजत नाहीत. पंढरीला पायी जातात, गाणगापुरला जातात. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहामनीच्या उरुसाला होळीच्या सुमारास गुलबर्गा जिल्ह्यातल्या माडियाळचे लिंगायत जंगम आपल्या मंडळींसह पायी येतात, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. परंतु पळत जायचे, पळत परत यायचे, आणि वाटेत दर्शनाला देव म्हणून नाही, याला आमच्या घरांत शब्दच नाही. "कामून पळायलाव मास्तर, कोण पाठी लागलंय का?" हा प्रश्न मला दूधवाल्यापासून मशिदीच्या मुअज्जनापर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे त्याहून थोडक्यात असते: "गुडघे आपलेच आहेत ना?"

सरावाला जागा मात्र देवाने दिली आहे. बिदर हे जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर बसलेले गाव. पूर्वेकडून खाली उतरले की खलीलुल्लाची चौखंडी लागते, आणि पुढे अष्टूरचे बहामनी घुमट. पहाटे अंधारात गावातून निघायचे, खाली घुमटांपाशी पोचायचे, आणि उजाडता उजाडता तोच चढ चढून घरी चहाला यायचे. सहा महिने मी हे नेमाने केले. चढाला माझा दम पुरतो याची मला खात्री झाली. या सरावाचा जो क्रम होता, आधी उतार आणि मग चढ, तो पुढे माझा घात करणार हे मात्र एका शब्दाने कुणी सुचवले नाही; मलाही सुचले नाही.

आम्ही तिघे बिदरहून हुमनाबाद, उमरगा करीत सोलापूरला आलो. सूनबाई रेल्वेने येऊन स्टेशनावर उभ्या होत्या. चार वर्षांची मुलगी सासूबाईंपाशी ठेवून आल्या होत्या. सासूबाईंनी "जा" म्हटले होते, पण कशासाठी जायचे ते त्यांना शेवटपर्यंत पटले नव्हते, असे त्यांनीच सांगितले. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी हा रस्ता. गोंदवल्याला महाराजांच्या समाधीपुढे डोके टेकवून पुढे निघालो. हा माण तालुका दुष्काळाचा म्हणून सर्वांना माहीत. याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत एकाहून अधिक वेळा पहिली आली, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकात अडथळ्यांच्या तीन हजार मीटरांच्या शर्यतीत अंतिम फेरीला जाऊन दहावी आली. खाशाबा जाधवही याच सातारा जिल्ह्याचे, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ चे हेलसिंकीचे त्यांचे पदक वडीलधाऱ्या वाचकांना आठवतच असेल. सूनबाई खिडकीतून त्या उघड्या माळांकडे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काका, इथं पाण्यासाठी पळत असतील आधी."

सातारा शहराविषयी संस्थानी मुलखातल्या वाचकांना आपुलकी वाटावी. थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ते वसवले, आणि १८४८ साली औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्यच खालसा केले. पेठांचे बोळ अजून चढते-उतरते आहेत. मला मौज वाटली ती पाण्याची. कासच्या तळ्याचे पाणी डोंगराच्या अंगाने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणलेले आहे. आमच्या बिदरला नौबादच्या बाजूला बहामनी काळातली सुरंगबावी आहे, तीत जांभ्याच्या पोटातून पाणी असेच उताराने आणले होते. कासच्या पठारावरही वरचा थर जांभ्याचाच. दोन गावे एवढी दूर, आणि दगड एक, अक्कलही एक. असो.

दौड २०१२ साली सुरू झाली. तेव्हापासून सप्टेंबर महिना आला की साताऱ्याच्या खाणावळी भरतात. नोंदणी उघडली की जागा पाहता पाहता संपतात. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर थोडे. शहरातून निघायचे, समर्थ मंदिरावरून बोगद्याच्या बाजूला यायचे, तेथून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे, आणि अर्ध्या अंतरावर वळून आल्या वाटेने परत. पहिला अर्धा भाग बहुतेक चढाचा, दुसरा बहुतेक उताराचा. सपाट रस्त्यावर धावणारे लोक याला घाबरतात ते चढामुळे. मूळ मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची वाटही काही सपाट नाही, तीतही मधला मोठा पल्ला चढाचा आणि शेवटचा उताराचा आहे. १८९६ साली स्पिरिडॉन लुईस नावाच्या पाणक्याने ती जिंकली. हे सगळे मी आदल्या रात्री जेवताना मंडळींना ऐकवले. मास्तरकीची सवय!

पहाटे भुरभुर पाऊस होता. अजिंक्यतारा ढगात बुडालेला. हजारो माणसे एका मैदानात उभी, सगळ्यांच्या छातीवर क्रमांक, आणि एवढ्या गर्दीत एक विलक्षण गप्पपणा. भाचा पुढच्या रांगेत गेला. बार झाला, आणि पेठांतून वाहत आम्ही निघालो. ओट्यांवर बायका उभ्या होत्या, काही जणी लेकरे कडेवर घेऊन. कुठे ढोल-ताशा, कुठे शाळेच्या मुलांची लेझीम. एका म्हातारबाईंनी मला उद्देशून "आजोबा, दमानं!" म्हटले. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या असाव्यात.

बोगद्याच्या बाजूला आलो की रस्ता डोके वर काढतो. येथे पुष्कळांचे पळणे संपून चालणे सुरू होते, आणि त्यात लाज नाही. अण्णांची रीत आडतीतली: विजेचे दोन खांब पळायचे, एक खांब चालायचे, आणि पुन्हा दोन. पोती मोजावी तसे ते खांब मोजत होते. सूनबाईंचे निराळेच. श्वास घेताना कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. सोडताना मराठीत, एक, दोन, तीन. बँकेत गिऱ्हाइकाशी कानडी आणि घरात मराठी, त्याचा हा उपयोग. म्हणाल्या, "एकाच भाषेत मोजलं की चुकते." माझे पाय त्या सकाळी अष्टूरच्या चढाच्या आठवणीवर चालले होते. लहान पावले, नजर दहा हात पुढे, वरच्या वळणाकडे पाहायचे नाही. दम चांगला होता. तिसऱ्या-चौथ्या वळणावर अण्णा मागे पडले, मग सूनबाई. मनात थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

चढत असतानाच पहिले धावपटू परतीला लागलेले समोरून आले. त्यांचे तोंड दिसण्याआधी ओल्या डांबरावर बुटांचा चटचट आवाज येतो, आणि मग पाच-सहा हडकुळी पोरे दगड गडगडत यावेत तशी बाजूने निघून जातात. बऱ्याच वेळाने भाचा आला. ओरडला, "मामा, वर वारा आहे, टोपी सांभाळा!" आणि गेला.

घाट संपल्यावर रस्ता थोडा वरखाली होत पठारावरून जातो. तेथे एकदा धुके फाटले. एका अंगाला कण्हेर धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला दूर उरमोडीचे, आणि मधल्या धारेवर आमची ही माणसांची रांग. कडेला तेरडा गुलाबी झालेला, सोनकी पिवळी. कासचे फुलांचे पठार पुढे पुष्कळ दूर राहिले. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात तेही आहे. पण धावणाऱ्याच्या वाट्याला कडेची फुलेच. ती मला पुरेशी झाली. मी वळणाच्या जागी पोचलो तेव्हा दीड तासही झाला नव्हता. अडीच तासांत मैदानावर, असा हिशेब मी मनात मांडला, आणि पाय मोकळे सोडले.

येथेच चुकले. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. ते कष्ट दम लागून लगेच कळतात. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अंगाचा भार झेलावा लागतो, प्रत्येक पावलाला लगाम खेचावा लागतो. यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. दम मात्र लागत नाही, म्हणून माणसाला वाटते, छान चालले आहे. अष्टूरला मी उतरत असे तो ताज्या पायांनी. चढून दमलेल्या पायांनी उतरणे म्हणजे काय हे सहा महिन्यांत एकदाही पाहिले नव्हते.

पंधराव्या किलोमीटरच्या सुमाराला, घाटाच्या उतारावर, उजव्या मांडीत गोळा आला. थांबलो, चोळले, निघालो. मग डावीत आला. एका कॉलेजच्या मुलाने धावत येऊन गार फवारा मारला, मिठाचे पाणी पाजले. किलोमीटरभर मी फेंगडत चाललो. मग एका वळणावर पाय वाकेचना आणि सरळही होईना. रस्त्याच्या कठड्यावर बसलो. खाली सारा सातारा दिसत होता, चार मैलांवर असेल नसेल. अंगावर भुरभुर पाऊस.

पहिल्या सूनबाई आल्या. थांबल्या. "काका, मी थांबते तुमच्याजवळ." त्यांच्या चेहऱ्यावर दमणूक होती, पण मोजणे चालूच असावे, ओठ हलत होते. मी चिडलो, म्हणजे शाळेत चिडत असे तसा. म्हटले, "पोरीला सासूपाशी ठेवून आलीस ती माझ्यापाशी बसायला? चल, हो पुढं." त्या गेल्या. वळणाआड जाईपर्यंत दोनदा मागे पाहिले.

मग पंधरा-वीस मिनिटांनी अण्णा, खांब मोजत. उतारावरही दोन पळायचे, एक चालायचे. हिशेबात बदल नाही. मला पाहून उभे राहिले, सगळे त्यांच्या ध्यानात आले, आणि म्हणाले, "मास्तर, दातार झालाव की!"

त्यात कुजकेपणा नव्हता. माझेच वाक्य त्यांनी परत केले, व्याजही न लावता. खिशातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुढच्या खांबाकडे निघाले.

मागून आलेल्या गाडीत मला बसवले. आत आणखी एक गृहस्थ, फौजेतून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातलेच. घोट्याला पट्टी. ही दौड त्यांनी पूर्वी अनेकदा पुरी केलेली होती. माझी हकीकत ऐकून म्हणाले, "तुम्ही टाचेनं ब्रेक मारत आलात. उतारावर अंग मागं टाकायचं नाही, जरा पुढंच ठेवायचं. पावलं बारीक आणि भरभर. आणि सराव करताना आधी चढा, मग उतरा." मी विचारले, "तुमचा घोटा?" ते म्हणाले, "खड्डा. त्याला सराव नाही." गाडी समर्थ मंदिरावरून आली तेव्हा ओट्यावरच्या त्या म्हातारबाई अजून उभ्याच होत्या. मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे केले.

मैदानावर भाचा पदक गळ्यात घालून केळे खात होता. त्याची वेळ त्याला हवी होती त्याहून चार मिनिटांनी कमी भरली, त्यामुळे तो मला पाहून आधी हसला आणि मग ओशाळला. सूनबाई पोचल्या त्या सरळ फोनकडे गेल्या. पलीकडे सासूबाई असाव्यात, कारण बोलणे एवढेच ऐकू आले: "हो, झालं पूर्ण. नाही, पहिली नाही आले. पहिलं यायचंच नसतं हो." अण्णा सर्वांत शेवटी आले आणि आल्या आल्या त्यांनी खांबांचा आकडा सांगितला. तो आता विसरलो. भाच्याने आपले पदक माझ्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, तो मी घालू दिला नाही. रागाने नव्हे. ते त्याचे होते.

परतीच्या वाटेवर गोंदवले गेले, म्हसवड गेले, दातारांचे नाव कुणी काढले नाही. मला वाटते मुद्दामच काढले नाही. पंढरपूर जवळ येताना सूनबाईच म्हणाल्या, "काका, ते दातार परत कसे आले असतील हो?"

"बोटीने," मी म्हटले.

"म्हणजे किती दिवस?"

"आठवड्यांचा प्रवास तेव्हाचा."

"आणि चौगुले त्याच बोटीवर?"

हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल, पण माझी गोष्ट अँटवर्पलाच संपत असे. एक जण एकोणिसावा आलेला, एक जण थांबलेला, दोघे मराठी समजणारे, सभोवार समुद्र. आम्हांला तर रात्री घर गाठायचे होते, आणि तेवढाही प्रवास मला लांब वाटत होता. अण्णा मागच्या बाकावरून म्हणाले, "बोलले असतील की. दुसरं बोलायला कोण होतं?" मग पंढरपूरला चहासाठी गाडी थांबली, आणि उतरताना माझ्या दोन्ही मांड्यांनी अशी हाक दिली की टपरीवाल्याने वळून पाहिले.

मांड्यांचा ठणका तिसऱ्या दिवशी अगदी भरात आला. घराच्या पायऱ्या आठवडाभर मी पाठमोरा उतरलो. म्हणतात की एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे शहाणा राहतो. ते खरे असावे, कारण पुढच्या महिन्यात अष्टूरच्या रस्त्यावर पुन्हा गेलो तेव्हा त्रास पुष्कळ कमी झाला. सराव आता उलटा करतो. पहाटे भाचा मोटारसायकलवर मला खाली घुमटांपाशी सोडतो. तेथून चढून चौखंडीवरून गावाच्या कडेपर्यंत यायचे, आणि वळून पुन्हा खाली उतरायचे, बारीक पावलांनी, अंग जरा पुढे ठेवून. आधी चढ, मग उतार. यात एकच अडचण आहे. सराव संपतो तेव्हा मी खाली अष्टूरला असतो आणि घर वर बिदरला. भाचा तोवर दुकान उघडायला गेलेला असतो, म्हणून तोच चढ मला पुन्हा चालत चढून यावा लागतो, आणि चहा निवलेला असतो. सौभाग्यवतींना हे गणित मी दोनदा कागदावर काढून दाखवले. त्यांना ते अजून पटलेले नाही.